तुमचा आवडता रोमन सम्राट कोण? माझं मत व्हेस्पासियनला

आडवाटेचा (धागाकर्ता)

मंडळी, परवा दुसऱ्या एका धाग्यावर ऑगस्टस मोठा की ट्रेजन यावरून चांगलीच जुंपली होती. तिथे आणखी अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. सर्वात थोर सम्राट कोण, हा प्रश्न नाही. कोणी किती प्रांत जिंकले ते विकिपीडिया सांगेल. माणूस म्हणून तुम्हाला कोण भावतो आणि का, ते लिहा. फक्त अवगुण झाकून ठेवू नका.

सुरुवात मी करतो. माझा माणूस व्हेस्पासियन, राज्यकाळ इ.स. ६९ ते ७९.

नीरोने ६८ च्या जूनमध्ये जीव दिला आणि पुढच्या दीड वर्षात गादीवर चार जण बसले. गाल्बाचा भर चौकात खून झाला, ओथोने स्वतःला भोसकून घेतलं, विटेलियसला रस्त्यातून फरफटत नेऊन मारलं. चौथा हा, वय साठ. घराणं म्हणावं तर आजोबा फार्सालसच्या रणातून पळून आलेले आणि पुढे लिलावांची वसुली करणारे, वडील आशिया प्रांतात जकात गोळा करणारे. स्वतःची उमेदवारी तर अपमानातच गेली. रोमच्या रस्तेसफाईचं खातं याच्याकडे असताना रस्ते घाण दिसले, म्हणून तेव्हाचा सम्राट कॅलिग्युला याने शिपायांकरवी याच्या झग्यात चिखल भरवला. आफ्रिकेचा सुभेदार झाला तर हाद्रुमेटमच्या लोकांनी सलगम फेकून मारले. तिथून परतला तो इतका कफल्लक, की जमीनजुमला भावाकडे गहाण टाकून खेचरांचा व्यापार करावा लागला आणि 'खेचरवाला' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नीरोबरोबर ग्रीसला गेला आणि महाराज गात असताना डुलक्या काढल्या. झालं, दरबार बंद.

असा माणूस सम्राट होतो तेव्हा काय करतो? खजिन्यात खडखडाट होता. मग त्याने सार्वजनिक मुताऱ्यांतल्या मुत्रावर कर बसवला. धोबी आणि कातडी कमावणारे ते विकत घ्यायचे, कारण त्यातल्या अमोनियाने कपड्याचा मळ निघतो. थोरला मुलगा टायटस नाक मुरडायला लागला. बापाने पहिल्या वसुलीतलं नाणं त्याच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, वास येतो का? नाही म्हणाला. 'आणि तरी आलंय मुतारीतूनच.'

दुसरा किस्सा मला याहून आवडतो. एका कारागिराने मोठमोठे खांब कमी खर्चात टेकडीवर चढवायचं यंत्र सुचवलं. व्हेस्पासियनने त्याला घसघशीत बक्षीस दिलं, पण यंत्र वापरलं नाही. म्हणाला, माझ्या गरीब लोकांना पोटापुरतं कमवू दे. हातात सत्ता आणि डोक्यात हिशोब असलेल्या माणसाला हे सुचलं, याचं मला फार कौतुक आहे.

आणि मरताना? रोमन लोक मेलेल्या चांगल्या सम्राटाला देव करत. हा आजारी पडला तेव्हा म्हणाला, 'अरेरे, मी देव व्हायला लागलो वाटतं!'

आता तुम्ही.

रिकामा_मावळा

मार्कस ऑरेलियस. धागा बंद करा.

तिखटजाळ

@रिकामा_मावळा, कारण दिल्याशिवाय मत बाद. धागाकर्त्याने सांगितलंय वर.

खडूफळा

मावळेसाहेबांचं कारण मी देते, कारण माझंही मत तिकडेच झुकतं. अर्धवट.

मार्कस माणूस म्हणून जितका उघडा दिसतो तितका दुसरा कुठलाच सम्राट दिसत नाही, कारण त्याची स्वतःसाठी लिहिलेली टिपणवही आपल्या हाती लागली. ती ग्रीकमध्ये आहे. एका भागावर नोंद आहे की हा क्वाडी लोकांच्या मुलखात ग्रान नदीकाठी लिहिला, दुसऱ्यावर कार्नुंटमचं नाव आहे. म्हणजे डॅन्यूबच्या आघाडीवरच्या छावणीत बसून जगाचा धनी स्वतःला समजावतोय की पहाटे अंथरूण सोडवत नसेल तर म्हण, माणसाचं काम करायला उठतोय. आणि आणखी एके ठिकाणी: सांभाळ, 'सीझर' होऊन बसू नकोस, त्या रंगात बुडू नकोस. सत्तेची बाधा होते हे त्याला पक्कं माहीत होतं आणि तो रोज स्वतःची झडती घेत होता.

इन्स्टाग्रामवर हल्ली त्याचे तुकडे कापून पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, असं काहीबाही चालतं. त्यात त्याच्या काळाची दशा कुठेच नसते. १६५ च्या सुमाराला सैन्याबरोबर साथ आली आणि वर्षानुवर्षं हटली नाही. उत्तरेकडून मार्कोमानी आणि क्वाडी घुसले. पैसा संपला तेव्हा त्याने नवा कर लावायच्या ऐवजी राजवाड्यातले सोन्याचे पेले, बायकोची रेशमी वस्त्रं, जडजवाहीर ट्रेजनच्या चौकात लिलावात काढलं. डझनाहून जास्त मुलं झाली, त्यातली बहुतेक त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्या वहीतली 'मुलाचा मुका घेताना मनात म्हण, उद्या कदाचित हा नसेल' ही ओळ (मूळ ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची) शांतपणे वाचवत नाही.

अर्धवट का म्हटलं? कारण कमोडस.

टोलनाका

कमोडसचं नाव निघणारच होतं :) सगळे म्हणतात की आधीच्या चौघांनी लायक माणूस दत्तक घेतला आणि या तत्त्वज्ञानेच पोटच्या पोराला गादी दिली. अहो, त्या चौघांना मुलगा होता कुठे? नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, कोणालाच नव्हता. अँटोनिनस पायसचे मुलगे आधीच वारले होते. दत्तक हे तत्त्व नव्हतं, नाइलाज होता. मार्कसला जिवंत मुलगा होता. त्याला बाजूला ठेवलं असतं तर दोनच गोष्टी: मुलाचा खून, नाहीतर यादवी. तिसरा रस्ता कोणी दाखवला तर मी मार्कसला नावं ठेवीन.

खडूफळा

हा मुद्दा मान्य. पण त्याने कमोडसला पंधरा-सोळाव्या वर्षीच सहसम्राट करून टाकलं. थोडं थांबता आलं असतं. ज्या माणसाने स्वतःच्या प्रत्येक शिक्षकाचे गुण मोजून लिहून ठेवले, त्याला पोराचे गुण दिसले नसतील?

मोडीवाचक

माझं मत क्लॉडियसला (४१ ते ५४). लंगडा, बोलताना अडखळणारा, आईनेच अर्धवट ठरवलेला. कॅलिग्युलाचा खून झाला तेव्हा हा पडद्यामागे लपला होता. शिपायाला खालून पाय दिसले, त्याने ओढून बाहेर काढलं आणि सम्राट म्हणून मुजरा केला. वय पन्नास. तोवरचं आयुष्य पुस्तकांत घालवलेलं, इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांचा वीस खंडांचा इतिहास लिहिलेला. तो इतिहास आज उरलेला नाही, याचं दुःख वेगळंच.

पण मला तो आवडतो तो एका काशाच्या पत्र्यामुळे. १५२८ मध्ये फ्रान्सच्या लियॉनला एका द्राक्षमळ्यात सापडला. क्लॉडियसचा जन्मही लियॉनचाच. त्यावर त्याने ४८ साली सिनेटमध्ये केलेलं भाषण कोरलंय. विषय असा, की गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या) मातब्बर लोकांना सिनेटमध्ये घ्यायचं की नाही. सिनेटर म्हणत होते, कालपरवा आपल्याशी लढलेले हे लोक, यांना मांडीला मांडी लावून बसवायचं? क्लॉडियसचं उत्तर सुरू होतं थेट रोमच्या पहिल्या राजांपासून. राजे बाहेरचे होते, नुमा सबाइन होता, सर्व्हियस टुलियस तर एट्रुस्कन कथांप्रमाणे अमुक होता आणि त्याचं आधीचं नाव तमुक होतं... प्राध्यापक एकदा सुटले की सुटलेच. आणि मग त्या पत्र्यावरच, क्लॉडियसलाच त्याच्या दुसऱ्या नावाने हाक मारत, वाक्य येतं: 'टायबेरियस सीझर जर्मानिकस, आता वेळ झाली, तुझ्या भाषणाचा रोख कुठे आहे ते सभासदांना उघड करून सांग.' हे तो स्वतःलाच म्हणतोय, की कोणा सिनेटरने मध्येच टोकलं आणि कारकुनाने तेही उतरवून घेतलं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला दोन्ही चालतील.

टॅसिटसने हेच भाषण आपल्या इतिहासात घेतलंय, पण धुऊन, इस्त्री करून. पत्र्यावरचा क्लॉडियस भरकटतो, परत येतो, आणि शेवटी बरोबर तेच करतो. गॉलचे लोक सिनेटमध्ये आले.

रिकामा_मावळा

आणि त्याच्या बायका? मेसालिना? ऐग्रिपिना? घरात काय चाललंय ते ज्याला कळत नाही तो साम्राज्य काय सांभाळणार.

मोडीवाचक

सांभाळलं की. ओस्टियाजवळचं बंदर, रोमला पाणी आणणाऱ्या दोन मोठ्या जलवाहिन्या, ब्रिटनची मोहीम. बायकांच्या बाबतीत मात्र बचाव नाही. सिनेटर मंडळींना भराभर मारलं, त्याचाही नाही. पस्तीसच्या आसपास सिनेटर गेले त्याच्या कारकिर्दीत.

सांजवात

सगळी मतं वाचली, छान चाललंय, पण एक गोष्ट खटकतेय. आपण सगळे हे सम्राट रोममधल्या जेवणाच्या टेबलावरून बघतोय. जरा जेरुसलेममधून बघा.

व्हेस्पासियनचा विनोद, त्याचा साधेपणा, ठीक आहे. पण ज्यूंचं बंड मोडायचं काम नीरोने दिलं ते यालाच. त्याने गॅलिली जाळत नेली आणि ७० साली टायटसने जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं. तिथली लूट रोममध्ये मिरवत आणली, ती दिव्यांची समई टायटसच्या कमानीवर आजही कोरलेली दिसते. कलोसियम युद्धाच्या लुटीतून उभं राहिलं, असं सांगणारा लेख तिथल्याच एका दगडावरच्या अक्षरांच्या खुणांवरून अभ्यासकांनी लावलाय. आणि वर आणखी हे, की ज्यू लोक पूर्वी वर्षाला जी दोन द्राख्मांची वर्गणी स्वतःच्या मंदिराला द्यायचे, ती इथून पुढे रोमच्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी सक्तीने वसूल झाली. मुतारीचा कर सगळ्यांना आठवतो, हा कोणाला आठवत नाही.

कोणीतरी आता हेड्रियन म्हणणारच, म्हणून आधीच सांगते. १३२ मध्ये ज्यूंचं बार कोखबाचं बंड झालं. इतिहासकार डिओ कॅसियसने लढाईत मेलेल्यांचा आकडा ५,८०,००० दिलाय, भूक आणि रोगराईने मेलेले वेगळे. आकडा फुगवलेला धरा, तरी प्रदेश ओस पडला हे खरं. जुडियाचं नावच पुसून सीरिया पॅलेस्टिना केलं. ज्यू धर्मग्रंथांत हेड्रियनचं नाव आलं की पुढे 'त्याची हाडं झिजोत' असा शाप येतो.

कोरडा_पाऊस

सांजवात ताई, तुम्ही माझ्या पोस्टची हवाच काढलीत. हेड्रियनच लिहिणार होतो. तरी लिहितो.

मला हेड्रियन 'चांगला' म्हणून आवडत नाही. तो गुंतागुंतीचा आहे म्हणून आवडतो. गादीवर आल्या आल्या ट्रेजनने मेसोपोटेमियात जिंकलेलं सगळं सोडून दिलं. जिंकलेलं सोडायला जिंकण्यापेक्षा जास्त धमक लागते. एकवीस वर्षांच्या राज्यातली अर्ध्याहून जास्त प्रवासात, ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत. रोमचं पँथिऑन नव्याने बांधलं आणि दर्शनी नाव ठेवलं ते जुन्या बांधकामाच्या अग्रिपाचं, स्वतःचं नाही.

वाटेत एक बाई अर्ज घेऊन आली. हा म्हणाला, वेळ नाही. ती ओरडली, 'मग राज्य करू नकोस!' तो थांबला, वळला आणि तिचं ऐकून घेतलं. दुसरा किस्सा हमामखान्यातला. एक म्हातारा माजी सैनिक भिंतीला पाठ घासत होता, कारण अंग चोळायला नोकर परवडत नव्हता. हेड्रियनने त्याला गुलाम दिले, वर त्यांच्या खर्चाला पैसे दिले. दुसऱ्या दिवशी बघतो तर भिंतीला पाठ घासणाऱ्या म्हाताऱ्यांची रांग! त्यांना म्हणाला, एकमेकांच्या पाठी चोळा.

आता काळी बाजू. राज्याच्या सुरुवातीला चार बड्या सिनेटरांना मारलं गेलं. शेवटी मेहुणा सर्व्हियानस, वय नव्वद, आणि त्याचा अठरा वर्षांचा नातू, दोघांनाही. डिओ सांगतो, म्हाताऱ्याने मरण्याआधी धूप मागवला आणि प्रार्थना केली की हेड्रियनला मरण मागूनही न मिळो. आणि हेड्रियनचे शेवटचे महिने तसेच गेले. विष मागायचा, तलवार मागायचा, कोणी द्यायला तयार नाही. त्या अवस्थेत त्याने स्वतःच्या आत्म्याला उद्देशून पाच ओळींची कविता केली: भटक्या, लाडक्या, देहाच्या पाहुण्या, आता कुठल्या जागी जाशील...

टोलनाका

हमामाचा किस्सा ज्या 'सम्राटचरित्रां'त येतो तो ग्रंथ बनावट कागदपत्रांसाठी बदनाम आहे. वाचून मजा घ्यावी, पैज लावू नये.

मूळ अडचणच ही आहे. टॅसिटस सिनेटर, डिओ सिनेटर, सुएटोनियस हेड्रियनच्याच दफ्तरातला चिटणीस. ज्याने सिनेटरांशी गोडीने घेतलं तो सज्जन, ज्याने त्यांना मारलं तो राक्षस. व्हेस्पासियनच्या धाकट्या मुलाचं, डोमिशियनचंच बघा. खोलीत एकटा बसून बोरूने माश्या टोचायचा, ही त्याची ओळख. आत कोणी आहे का, तर 'माशीसुद्धा नाही'! पण तोच सुएटोनियस त्याच दमात लिहितो की प्रांतांचे सुभेदार त्याच्या काळात जितके सरळ वागले तितके कधीच नाही. प्रांतातल्या शेतकऱ्याला यातलं काय महत्त्वाचं होतं?

तिखटजाळ

म्हणजे तुमचं मत डोमिशियनला? 😀

टोलनाका

नाही हो. मला माझी मान प्रिय आहे. माझं मत अँटोनिनस पायसला. तेवीस वर्षं राज्य, सम्राट झाल्यावर इटलीबाहेर पाऊल नाही, खजिन्यात शिल्लक, आणि मरताना पहारेकऱ्यांना दिलेला परवलीचा शब्द 'समचित्त'. किस्से नाहीत, सिनेमे नाहीत. असा राज्यकर्ता मला कधीही चालेल.

कोल्हापुरी_पट्टा

अवांतर करतो, चालवून घ्या. या सगळ्या काळात आपल्याकडे सातवाहन होते आणि रोमचा पैसा इकडे येत होता. रोमन लेखक प्लिनीची तक्रार आहे की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. सम्राट टायबेरियसनेही २२ साली सिनेटला लिहिलेल्या पत्रात बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांकडे जातो म्हणून कुरकुर केली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती आहे. कोणी गेलात तर चुकवू नका, कपाटात आहे, पटकन लक्षात येत नाही. उलट दिशेने गेलेली वस्तू म्हणजे पाँपेईत १९३८ ला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्याशी जुळणारी मूर्ती जालन्याच्या भोकरदनला सापडलीय. पाँपेई गाडलं गेलं ते व्हेस्पासियन गेला त्याच वर्षी, ७९.

माझं मत ट्रेजनला. ११६ मध्ये इराणच्या आखातावर पोचला, हिंदुस्थानला निघालेलं गलबत पाहिलं आणि म्हणाला, तरुण असतो तर मीही गेलो असतो. अलेक्झांडरचा हेवा वाटला त्याला. साठी ओलांडलेला माणूस धक्क्यावर उभा राहून असं म्हणतो, हे मला पटतं.

सांजवात

मला नाही पटत. तो आला असता तर फिरायला आला नसता.

कोल्हापुरी_पट्टा

ते आहेच म्हणा.

विलायती_वांगं

डायोक्लेशियन कसा कोणाला आठवला नाही? आपणहून गादी सोडणारा. ३०५ मध्ये राज्य सोडून आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटला जाऊन राहिला. परत ये म्हणून विनवणी झाली तेव्हा म्हणाला, मी लावलेले कोबी बघितले असतेस तर हे सुचलं नसतं. मी स्प्लिटला जाऊन आलोय. त्याच्या वाड्यात आज दुकानं आहेत, लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात. आणि ज्या कबरीत त्याला ठेवलं, तिचं कॅथीड्रल झालंय, तेही त्याच्याच काळातल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात मारल्या गेलेल्या सेंट डोम्नियसच्या नावाने.

३०१ चा त्याचा दरपत्रक-हुकूमही वाचण्यासारखा आहे. न्हाव्याला एका गिऱ्हाइकामागे २ दिनार, प्राथमिक शिक्षकाला एका मुलामागे महिना ५०, वक्तृत्व शिकवणाऱ्याला २५०. जास्त घेतले तर देहदंड. लॅक्टँशियस म्हणतो, माल बाजारातून गायब झाला. तो ख्रिस्ती आणि डायोक्लेशियनचा वैरी, तरी हे खोटं वाटत नाही.

खडूफळा

प्राथमिकवाल्यांचा पगार तेव्हापासूनच पाचवा हिस्सा, हे वाचून धन्य झाले.

आडवाटेचा (धागाकर्ता)

धागा एवढा पळेल असं वाटलं नव्हतं. सांजवात यांच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे आणि मला त्यावर 'पण' लावायचा नाही. उलट भर घालतो. हेल्व्हिडियस प्रिस्कस नावाचा सिनेटर भर सभेत विरोध करायचा, त्याला व्हेस्पासियनने हद्दपार केलं आणि मग मारलं. सुएटोनियस म्हणतो, मागून माणूस पाठवून हुकूम थांबवायचा प्रयत्न केला, उशीर झाला. असल्या सोयीस्कर उशिरांवर माझा विश्वास नाही.

तरी माझं मत बदलत नाही. ऑगस्टसने सगळी सत्ता हातात घेतली आणि चाळीस वर्षं नाटक केलं की प्रजासत्ताक तसंच आहे. मरतानाही विचारलं, माझी भूमिका बरी वठली ना? व्हेस्पासियनच्या सत्तेचा कायदा काशाच्या पत्र्यावर कोरलेला आहे, रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात. त्यात सरळ लिहिलंय की राज्याच्या हिताचं जे वाटेल ते करायचा याला अधिकार आहे. आडपडदा नाही. लुटारू होता, पण सोंग नव्हतं. त्याच्या अंत्ययात्रेत रिवाजाप्रमाणे त्याचं सोंग घेतलेला नट चालत होता. नटाने विचारलं, या सगळ्याला खर्च किती? एक कोटी. तर म्हणाला, मला एक लाख द्या आणि टायबरमध्ये फेकून द्या. आणि हे भर मिरवणुकीत चाललं.

सांजवात

ठीक. निदान मत नीट डोळे उघडून दिलंत. आता दुसरी तक्रार. इतका वेळ झाला, बायका फक्त विष घालायला आणि बदनाम व्हायला आल्यात.

आडवाटेचा (धागाकर्ता)

केनिस ऐका मग. क्लॉडियसची आई अँटोनिया हिची दासी, पुढे मुक्त झालेली, तिची चिटणीस. अँटोनियाने टायबेरियसला त्याच्या पहारादळाच्या प्रमुखाच्या, सेजानसच्या, कारस्थानाचं गुप्त पत्र हिच्याकडून लिहवून घेतलं आणि म्हणाली, आता पुसून टाक. ही म्हणाली, बाईसाहेब, उपयोग नाही, तुमचं सगळं माझ्या डोक्यात असतं, ते पुसता येत नाही. व्हेस्पासियनचं तिच्यावर तरुणपणी प्रेम होतं. कायद्याने लग्न शक्य नव्हतं. बायको वारल्यावर त्याने तिला घरी आणलं आणि सम्राट झाल्यावरही पत्नीसारखंच ठेवलं. धाकट्या डोमिशियनने मात्र एकदा तिने नेहमीसारखं गाल पुढे केल्यावर हात पुढे केला.

आणि अवगुण झाकायचे नाहीत, म्हणून: सुभेदाऱ्या आणि पुरोहितपदं विकून तिने रग्गड पैसा केला. व्हेस्पासियनला ते ठाऊक होतं असा डिओला संशय आहे.

सांजवात

माझं मत केनिसला.

तिखटजाळ

ती सम्राट नव्हती, मत बाद.

सांजवात

धोब्याचा मुतारी-कर चालतो आणि हे नाही? मोजा म्हणतेय ना.

मोडीवाचक

मोजा हो तिखटजाळ. आणि नीरोवाले कोणी असतील तर उद्यापर्यंत लिहा, मग मी यादी करतो.